लाकडाच्या वायूवरची मालमोटार आणि तिची गाळणी

श्रोतेहो, तुमच्या गावात नव्वदी ओलांडलेले कोणी आजोबा असतील, तर त्यांना कोळशाच्या गाडीबद्दल जरूर विचारा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचा दुष्काळ पडला, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक सर्व्हिस मोटारी कोळशाच्या वायूवर चालत. गाडीच्या मागे बंबासारखे उभे पिंप आणि निघण्याआधी निखारा फुलवण्यासाठी पंखा फिरवणारा क्लीनर, असे ते दृश्य असे. आपल्याकडे लोणारी कोळसा वापरीत. युरोपात कोळशाबरोबर लाकडाचे ठोकळेही जाळीत. एकट्या स्वीडनमध्ये १९४२ च्या सुमारास सत्तर हजारांवर वाहने अशी धावत होती. पुढे आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत उसाच्या पाचटावरच्या वायुभट्टीवर काम झाले. म्हणजे भट्टी रस्त्यावरून गेली, तरी विद्या संपलेली नाही.

अशी गाडी सुरू कशी करायची, हे सगळेच सांगतात. पण ती महिनोन्महिने चालती ठेवायची, तर सारी मदार गाळणीवर असते. आज तेवढ्यापुरतेच बोलतो.

एक किलो कोरड्या लाकडापासून साधारण अडीच घनमीटर वायू निघतो. मालमोटारीने एका खेपेत ६० किलो लाकूड खाल्ले, तर वायू झाला १५० घनमीटर. भट्टीतून निघताना त्याच्या प्रत्येक घनमीटरात २ ग्रॅम राख-काजळी आहे असे धरा. म्हणजे एका खेपेत ३०० ग्रॅम! इंजिनाला चालते ती घनमीटरमागे फार तर ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच खेपेत साडेसात ग्रॅम. गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. उरलेली सारी धूळ वाटेतच अडवायची आहे. नाही अडवली, तर ती तेलात मिसळून पिस्टन आणि सिलिंडर घासत राहते, कानशीने घासावे तशी.

आता ही धूळ अडते कोठे? पहिला असतो भोवऱ्याचा डबा. त्यात वायू गरगर फिरतो, जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात. मग थंड करणाऱ्या नळ्या; त्यात पाणी निथळते. त्यानंतर मोठी गाळणी: कोक, बुचाचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या किंवा काथ्या भरलेले पिंप. काही गाड्यांत कापडी गाळणी असे, पण ती थंड नळ्यांच्या आधी बसवावी लागे. लाकडाच्या वायूतले पाणी साधारण ७० अंशांच्या खाली निथळू लागते आणि कापड ओले झाले की त्याचा चिखल होतो. उलट फार तापले, तर सुती कापड करपते. आणि कापड फाटले तर? त्यासाठी इंजिनाच्या तोंडाशी बारीक जाळीची एक शेवटची गाळणी ठेवीत. कापड फाटताच ती चटकन तुंबे आणि गाडी बंद पडे. ड्रायव्हर चरफडत असेल, पण इंजिन वाचे.

रोजचे काम थोडके आहे. शेगडी हलवून राख पाडायची, ती काढायची, भोवऱ्याचा डबा रिकामा करायचा आणि गाळणीच्या बुडाची तोटी उघडून साचलेले पाणी सोडायचे. हे पाणी तपकिरी, आंबूस वासाचे असते, पत्रा खाते. ते भांड्यात धरावे. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या पाण्यात जाऊ देऊ नये.

गाळणी उघडून आतला भराव साफ करायचा, तो कधी? काही पुस्तके तास मोजायला सांगतात. मला विचाराल, तर गाळणीलाच विचारावे. काचेची इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली नळी घ्या, तीत थोडे पाणी घाला. एक टोक गाळणीच्या अलीकडे जोडा, दुसरे पलीकडे. इंजिन ओढू लागले की दोन्ही बाजूंच्या पाण्याची उंची वेगळी दिसते. भराव नवा असताना, गाडी भरधाव चालली की हा फरक किती पडतो, ते लिहून ठेवा. तेवढ्याच वेगाला फरक दुपटीवर जाऊ लागला, की समजा गाळणी तुंबत आली. आणि फरक एकाएकी कमी झाला, तर आनंद मानू नका; भरावात बीळ पडले आहे, वायू न गाळता निसटतो आहे.

उघडल्यावर मात्र सफाईची घाई करू नका. आधी घाण चिमटीत घेऊन पाहा. कोरडी, काळी, मऊ पूड असेल, तर भट्टी ठीक आहे. कोक चाळा, धुवा, उन्हात वाळवा. पण बोट चिकटले, घाण चकाकली, तर ते डांबर आहे. लोणारी कोळशात हा त्रास फारसा नसतो. डांबर कोळसा पाडतानाच निघून गेलेले असते. लाकडात ते असतेच आणि भट्टीच्या गळ्याशी प्रखर आचेत जळून जावे लागते. ते जळले नाही याचा अर्थ लाकूड ओले होते, ओलावा शेकडा वीसच्या वर होता, किंवा गाडी फार वेळ जागच्या जागी चालू ठेवल्याने भट्टी मंदावली. अशा वेळी नुसती गाळणी धुऊन काय उपयोग? दोन दिवसांत पुन्हा तेच. दरम्यान डांबर इंजिनात शिरते, रात्री गार होऊन घट्ट बसते आणि सकाळी व्हॉल्व्ह हलत नाहीत. जोर केला, तर त्यांना ढकलणाऱ्या सळ्या वाकतात. तेव्हा आधी लाकडाची थप्पी पाहा, मग गाळणीला हात घाला.

हात घालण्यापूर्वी एक गोष्ट सांगायलाच हवी. या वायूचा मुख्य जळाऊ भाग कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. फिनलंडमध्ये तर लोकांनी या भट्टीचे नावच 'मोनॉक्साइडचा डबा' असे ठेवले होते. इंजिन चालू असताना ते वायू ओढून घेते. बंद केल्यावर भट्टी आत धुमसतच राहते आणि वायू फटींतून बाहेर येऊ लागतो. थंडीच्या रात्री पिंपाची ऊब सुटत नाही हे खरे, पण बंद शेडमध्ये गाडी लावून तिच्यापाशी निजणे म्हणजे मरणाला बोलावणे. डोके दुखू लागले, चक्कर किंवा मळमळ आली, तर तडक मोकळ्या हवेत जावे आणि डॉक्टरला बोलवावे. दुसऱ्याला ओढून काढायचे, तर आधी दारे-खिडक्या उघडाव्यात.

म्हणून गाळणी उघडायची ती उघड्यावर, भट्टी पुरती गार झाल्यावर. गरम काजळीला हवा लागली, की ती पेट घेते. आत उरलेल्या वायूत हवा मिसळून ठिणगी पडली, तर झाकण उडते. वरचे आणि खालचे झाकण काढून बाजूला उभे राहा, वारा आतून फिरू द्या. विडी नको, कंदील नको. डांबर लागलेले पत्रे गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासा. चिकट काथ्या सरळ बदला. झाकणाखालची दोरी किंवा गादी झिजली असेल, तर तीही नवी घाला. तेथून हवा आत ओढली गेली, की वायू पातळ होतो आणि गाडी चढावर दम सोडते.

सगळे जोडून झाले की भट्टी पेटवा, पंखा फिरवा. आधी पांढरा, ओला धूर येईल. तो वाऱ्याच्या दिशेने जाऊ द्या, आपण उलट बाजूस राहा. धूर विरळ झाला, की लांब काठीच्या टोकाला पेटता बोळा बांधून पंख्याच्या तोंडाशी धरा. ज्योत निळसर आली आणि बोळा काढल्यावरही टिकली, की झडप इंजिनाकडे वळवा.