चित्र आणि आज्ञा



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने या स्मृतिव्याख्यानात लिनक्स या संगणक-प्रणालीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा विषय भाषेचाच आहे. संकेतस्थळे घडविणाऱ्याने पडद्यावरील चित्रे निवडून काम करावे, की आज्ञा लिहून, हा त्या क्षेत्रातला जुना वाद. चित्र ही खूण. आज्ञा हे वाक्य. तीत क्रियापद असते, कर्म असते.

चित्रांची बाजू दुबळी नाही. १९९६ साली आरंभलेला केडीई आणि १९९७ चा ग्नोम हे लिनक्सचे चित्रमय पडदे पुढे मराठीतही आले. नवशिक्याला त्यांनी दार उघडून दिले. तेथे काढून टाकलेली फाइल आधी कचरापेटीत जाते; ‘आरएम’ ही आज्ञा मात्र बहुधा न विचारताच ती पुसते.

तथापि संकेतस्थळ ज्या दूरच्या यंत्रावर नांदते, त्याला सहसा पडदाच जोडलेला नसतो. फिनलंडमध्ये १९९५ साली निर्माण झालेल्या ‘एसएसएच’ या सुरक्षित मार्गाने तेथे जाता येते. केवळ अक्षरांचीच ये-जा असल्याने मंद जोडणीही पुरते. न सापडलेल्या पानांच्या नोंदी हव्या असतील, तर ‘ग्रेप’ त्या ओळी निवडते आणि ‘डब्ल्यूसी’ त्या मोजते. दोहोंमधील उभी रेघ उभयान्वयी अव्ययाचे काम करते. युनिक्समध्ये ही सोय १९७३ पासून आहे. मुख्य म्हणजे लिहिलेली आज्ञा वहीत उतरविता येते, तपासता येते, दुसऱ्यास देता येते.

मग इंग्रजीचे काय? आपला आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, पण येथील अनेक घरांतली मराठी टिकली. त्या घरातल्या मुलाने आज्ञांना भिऊ नये. ‘ग्रेप’ हा शब्द कोणाच्याच मातृभाषेतला नाही. एका जुन्या संपादन-आज्ञेच्या अक्षरांतून तो घडला. इंग्रजी घरातल्या मुलालाही तो शिकावाच लागतो. खरी अडचण आहे ती इंग्रजीतील मार्गदर्शिकांची.

म्हणून प्रवेश चित्रांतून व्हावा, मुक्काम मात्र तेथेच नसावा. या व्यवसायात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: शाळेसाठी एक वही लिहा. डावीकडे आज्ञा, उजवीकडे मराठीत तिचा अर्थ, आणि खाली ती चुकल्यास काय बिघडेल याची सूचना. गुरुजनांचे स्मरण अशा वहीतूनही होईल.