फाईल आपली, उत्तर त्यांचे



२०२५ मध्ये अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांची चौकशी सुरू झाली. नायब तहसीलदारांना अधिकारच नव्हता, या कारणाने त्यांनी दिलेले आदेश रद्द करण्याचा निर्णय सरकारने घेतला. कोणी खोटे कागद जोडले असतील तर चौकशी व्हायलाच हवी. पण त्या आदेशांवर सही अधिकाऱ्याची होती, शिक्का कार्यालयाचा होता. सही करणाऱ्याला अधिकार आहे की नाही, हे तपासणे अर्ज करणाऱ्या मजुराचे काम नव्हते. चकरा मात्र त्यालाच माराव्या लागतात.

अशा वेळी आपण एक तर नेत्याच्या दारात जातो, नाहीतर दलालाला पैसे देतो. तिसरा रस्ता १० रुपयांचा आहे: माहिती अधिकार कायदा, २००५. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तर तेही १० रुपये लागत नाहीत. माहिती का हवी, हे सांगण्याचीही गरज नाही.

मात्र "माझा दाखला का रद्द केला?" असे विचारू नका. 'का'चे उत्तर बऱ्याचदा टाळले जाते, कारण कायदा कार्यालयात असलेला कागद देतो, नवा खुलासा नाही. म्हणून कागदच मागा: माझ्या अर्जावरील सर्व टिपण्या, चौकशी अहवाल आणि रद्द केल्याचा आदेश यांच्या साक्षांकित प्रती, तसेच नायब तहसीलदारांकडे हे काम ज्या आदेशाने सोपवले, त्याची प्रत. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये कोणता बदल कोणी, कधी केला, याची नोंद ठेवतो. सरकारी फाईलमधली टिपणी म्हणजे तीच नोंद. शिवाय ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याला कारणे कळवणे हे कलम ४ नुसार कार्यालयाचे कर्तव्य आहे, तेही लिहा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो.

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे जा. विनाकारण उशीर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो.

हजरत उमर यांना भर सभेत अंगावरच्या कापडाचा हिशेब विचारला गेला, हा किस्सा आपण बयानात ऐकतो आणि मान डोलावतो. पद ही अमानत आहे, हे आपण मानतो. मग तहसीलच्या खिडकीवर तोच हिशेब विचारताना संकोच कशाला? आवाज चढवू नका, भांडू नका. अर्ज द्या आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आपल्या मोहल्ल्यात अर्ज लिहिता न येणारे अनेक जण आहेत. येत्या जुम्यानंतर त्यांच्यापैकी एकाजवळ बसा.