पाणी माणशी, जमिनीमागे नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही विलासराव साळुंखे यांच्याविषयी बोलणार आहोत. पुण्यात कारखाना चालवणारा हा इंजिनिअर १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात आला. दुष्काळी कामांवर शेतकरी खडी फोडत होते. खडी फोडून आजचे पोट भरेल, पुढच्या दुष्काळाचे काय?

नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन त्यांनी कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला, त्याखाली विहीर काढली आणि पाणी पंपाने वर चढवले. कुसळाच्या माळावर पीक उभे राहिले.

पण भावांनो, बांध कोणीही घालील. खरे अवघड काम पुढे होते, ते म्हणजे वाटपाचे. पाणी पंचायतीने नियम केले. योजना एकट्याची नाही, गटाची. पाणी माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. ज्याला जमीन नाही त्याचाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. उसाला पाणी नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी स्वतः भरायचा. पाणी सोडायला गटाने नेमलेला पाटकरी.

उसाची अट आम्हालाही कडू लागते. नगदी पीक सोडा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण हिशेब करा. एकाच्या एक एकर उसाच्या पाण्यात कितीतरी घरांची ज्वारी आणि भाजीपाला पिकतो. विलासरावांनी कोणाच्या शेतावर बंदी घातली नाही; सगळ्यांच्या पाण्यापुरती अट घातली.

२००२ मध्ये विलासराव गेले. ते ना मंत्री होते, ना साखरसम्राट. तरीही पाणी म्हटले की त्यांचे नाव निघते.

आज गावोगावी काय चालले आहे? एकाने तीनशे फूट बोअर मारला की शेजारी चारशे मारतो. ज्याच्या खिशात पैसा त्याचे पाणी, आणि लहान शेतकरी कर्जासकट कोरडा. शेतमालाचा भाव आपण सरकारकडे मागू, भांडून मागू. पण या पाण्याचा हिशेब मुंबईत होणार नाही. तो आपल्याच पारावर बसून, आपल्याच भाऊबंदांशी करावा लागेल.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. गावातल्या विहिरी आणि बोअर मोजा, मग माणसे मोजा, आणि दोन्ही आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचा. तिथून पुढचे बोलणे आपोआप सुरू होईल.