हसवणाऱ्याची बोली

हिवाळ्यात कधी चामोर्शीकडे आलात तर रात्री लवकर झोपू नका. धान घरात आलेलं असतं, हाताला थोडी उसंत असते आणि आसपासच्या कुठल्या तरी गावात नाटक असतंच. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ही आमची झाडीपट्टी. इथं मंडई असो की शंकरपट, रात्रीला नाटक हवंच. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. गावकरी तिथं जाऊन नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शंकरपट बंद पडले, तरी नाटकं थांबली नाहीत. २०२१ साली पटाला पुन्हा मोकळीक मिळाली आणि २०२३ साली आमच्या गडचिरोली जिल्ह्यातले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

गेल्या हिवाळ्यात मी चामोर्शीजवळच्या एका खेड्यात नाटकाला गेलो होतो. पीक निघालेल्या बांधीत मंडप टाकलेला. मागच्यांनाही दिसावं म्हणून माती खोदून बसायच्या जागेला उतार दिलेला आणि त्याच मातीचा भराव रंगमंचाखाली घातलेला. बाजूला ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. गाणी तिथल्या तिथं गायची. नायिकेचा सूर जरा घसरला की ऑर्गनवाला हळूच सावरून घेई. लोक शाली, चादरी पांघरून बसलेले, मुलं मांडीवर झोपलेली.

दहाच्या पुढं पडदा उघडला. नायक, नायिका, सावकार सगळे पुस्तकी मराठीत बोलत होते. मग विनोदी नट आला. घरगड्याची भूमिका. त्यानं झाडीबोलीत पहिलं वाक्य टाकलं आणि मंडप हसला. पुढच्या रांगेतल्या सरपंचांची त्यानं अशी फिरकी घेतली की सर्वांत मोठ्यानं सरपंचच हसले. मीही हसलो आणि मधेच थांबलो.

कारण ती बोली माझी होती. आमच्या घरात अम्मी-अब्बांशी हिंदी-उर्दू मिसळलेलं बोलणं, अंगणात शेजाऱ्यांशी झाडीबोली आणि शाळेत पुस्तकातली मराठी. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो. शाळेत मी एकदा ‘डोरा’ म्हणालो, तेव्हा सारा वर्ग हसला आणि गुरुजींनी तो शब्द दहा वेळा शुद्ध लिहायला लावला. तेव्हापासून मी शुद्धच लिहितो. बी. ए. झालो, कविता छापून आल्या, पण अंगणातली भाषा अंगणातच राहिली. नाटकातही तिची जागा ठरलेली होती : हसवण्यापुरती.

तिसऱ्या अंकात घरगड्याचा म्हातारा बाप मरतो. तो नट बापाजवळ बसला आणि म्हणाला, “बा, डोरे उघड ना गा.” सवयीनं दोघं-चौघं हसले आणि चटकन गप्प झाले. ऑर्गनवाल्यानं पट्ट्यांवरचे हात काढून घेतले. नटानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी हळू. माझ्या शेजारच्या आजीनं पदर तोंडाला लावला. तासाभरापूर्वी ज्या बोलीनं मंडप हसवला होता, तीच बोली आता मंडप रडवत होती. पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या नायकाच्या दुःखावर टाळ्या पडल्या होत्या. या दुःखावर कुणाला टाळी सुचली नाही.

पहाटे धुक्यातून परतताना मला माझी एक जुनी कविता आठवली. अम्मीच्या शेवटच्या दिवसांवरची. तिच्यात मी ‘डोळे’ लिहिले आहेत. मोतीबिंदू झाल्यावर अम्मी शेजारणीला सांगायची ते मात्र ‘डोरा दिसत नाही’ असं. शेजारीण कधी हसली नाही. तिला समजायचं.

घरी येऊन मी वही काढली, तो एक शब्द खोडला आणि ‘डोरे’ लिहिलं. ही कविता पुन्हा कुठं छापून आली, तर मुद्रितशोधकांनी ती चूक समजून दुरुस्त करू नये, एवढीच विनंती.