समूहाची सही कोण करतो?

(मेहकर, ता. भालकी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘उद्योगसमूह : अर्थ आणि वापर’. मथळा संयोजकांचा. मला विचारलं असतं तर मी एवढंच छापायला सांगितलं असतं की समूहाला उधार देऊ नका. (हशा) हसा खुशाल. उभा जन्म बँकेत कर्जाच्या टेबलावर गेलाय माझा. दुसरं काही सांगायला माझ्याकडे नाही.

टाटा-बिर्लांचा इतिहास मी उगाळत नाही. किर्लोस्करांचाही नाही. बेळगावातलं सायकलचं दुकान, लोखंडी नांगर, 1910 ची किर्लोस्करवाडी, हे तुम्हाला पाठ आहे. शिवाय बेळगावचं नाव काढलं की आपल्याकडे सभा दुसरीकडेच जाते, तेव्हा ते राहू द्या. (हशा) त्या काळी अशा मंडळींना ‘घराणं’ म्हणत. पुढे 1969 चा मक्तेदारीविरोधी कायदा आला. सगळ्या संलग्न उद्योगांची मिळून मालमत्ता वीस कोटींवर गेली की सरकारदरबारी नोंद, विस्ताराला परवानगी. घराणं म्हणवून घेणं नकोसं झालं. 1991 ला ती मालमत्तेची मर्यादा उठली, आणि बघता बघता वर्तमानपत्रांतली घराणी जाऊन समूह आले. घराण्याचा कर्ता कोण हे निदान गावाला ठाऊक असायचं.

आता समूह म्हणजे काय? कंपनी कायद्यात प्रत्येक कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती. तिचं कर्ज तिचं, तिची जमीन तिची. एकीकडे दुसरीचा निम्म्याहून जास्त मताधिकार असला तर पहिली धारक कंपनी आणि दुसरी उपकंपनी. दोघींचा एकत्रित ताळेबंदही मांडावा लागतो. इथपर्यंत ठीक. पण ‘समूह’ नावाची असामी कोर्टात उभी राहत नाही, तिच्यावर समन्स बजावता येत नाही. जाहिरात समूह करतो, कर्ज कंपनी काढते.

एक किस्सा सांगतो, दोन मिनिटांत संपवतो. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. गाव सांगत नाही. एक गृहस्थ आले. सफारी, चकचकीत फाइल, लेटरहेडवर तीन रंगांत उगवता सूर्य आणि खाली ‘ग्रुप ऑफ इंडस्ट्रीज’. विचारलं, ग्रुपमध्ये काय काय आहे? खत-बियाण्याचं दुकान, पिठाची गिरणी, दोन टेम्पो आणि होऊ घातलेली दालमिल. कर्ज कुणाच्या नावावर हवं? म्हणाले, ग्रुपच्या. मग कागद मागवले. दुकान बायकोच्या नावावर, गिरणी धाकट्या भावाच्या, टेम्पो मेहुण्याच्या, शेत आईच्या. यांच्या स्वतःच्या नावावर व्हिजिटिंग कार्ड. (हशा) त्यावर ‘चेअरमन’. जामीन कोण? तर म्हणे, ग्रुप आहे की!

पाहणीला गेलो. गिरणीत पोराला विचारलं, मालक कुठायत? तो म्हणाला, कोणते? भाऊ म्हणाला, दादाला विचारा. दादा म्हणाले, बसा, चहा घ्या. चहा घेऊन आई आल्या. पदराला हात पुसत त्यांनी फळीवरचा स्टीलचा डबा काढला, त्यात शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, चार घड्या घालून ठेवलेली. माझ्यासमोर कागद धरला, पण हातात काही दिला नाही. म्हणाल्या, “साहेब, ह्याच्यावर बोजा चढवणार नाही ना?” चेअरमन म्हणाले, आईला ग्रुपमधलं काही कळत नाही. मी मनात म्हटलं, त्या घरात कळलंय ते एकट्या आईलाच.

कर्ज? नाही दिलं. मागून कुणी विचारतंय, कोण ते? नाही सांगणार. हयात आहेत, आणि त्यांचे पाहुणे इथे बसलेले असायचे. (हशा) आणि समोरच्या आडतवाल्यांनी असं बघू नये. मी व्यापाऱ्यांच्या विरुद्ध नाही. तुमच्या पट्टीवर दुकानाचं नाव असतं, खाली तुमची सही असते. माझं मागणं तेवढंच आहे.

दोन मिनिटं म्हणालो होतो, बरीच झाली. वाडीकडे वळतो. रेल्वेनं जाताना वाडी जंक्शनची सिमेंट फॅक्टरी सगळ्यांनी बघितलीय. ती एसीसीची. 1936 ला दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, त्यांत आपल्या निजामी मुलखातली शहाबाद सिमेंटही होती. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशॉ अशा चार गटांचा तो मेळ. पुढे टाटा बाहेर पडले, मग स्वित्झर्लंडची होल्सिम आली, 2022 ला अदानी आले. वरचे समूह बदलत गेले. गोणीवर नाव एसीसीच. कामगाराचा करार कंपनीशी, पुरवठादाराचं बिल कंपनीवर. धनी कोण, याचा पत्ता गोणी वाचून लागत नाही.

आणि आता व्हिडिओकॉन. पैठण रस्त्यावर चितेगावचा कारखाना. मराठवाड्यातला माणूस देशभर टीव्ही विकतो याचं आपल्याला केवढं कौतुक होतं! मलाही होतं. त्या समूहातल्या 15 कंपन्यांवर दिवाळखोरीची प्रकरणं चालली. कायद्याच्या हिशोबानं प्रत्येकीचं प्रकरण वेगळं. पण त्या एकमेकींच्या कर्जात, मालमत्तेत, व्यवहारात इतक्या गुंतलेल्या, की ऑगस्ट 2019 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठानं त्यांतल्या 13 एकत्र धरल्या. मान्य झालेले दावे सुमारे 64,838 कोटींचे. जून 2021 मध्ये मंजूर झालेली बोली सुमारे 2,962 कोटींची. शंभराला पाच रुपयेसुद्धा नाहीत! जानेवारी 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणानं ती मंजुरी रद्द केली, ते वेगळं. मला दिसतं ते हे, की इतकी वर्षं जाहिरातीत एक असलेला समूह कायद्यानं एक धरला तो दिवाळं निघाल्यावर.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं.

त्या कोपऱ्यातले तरुण मघापासून मान हलवतायत, सीए दिसतात. तुमचं म्हणणं मला माहीत आहे. मर्यादित जबाबदारी मोडली तर धंद्यात पडणार कोण? मी ती मोडा म्हणतच नाही. कंपनी म्हणून या, कंपनीच्या ऐपतीवर कर्ज मागा, बुडालात तर कंपनीपुरते बुडा. पण अर्जाच्या वर समूहाची मुद्रा हवी असेल, समूहाच्या नावावर व्याजात सूट हवी असेल, तर खाली मुद्रेच्या धन्याची जामीनकीची सही पाहिजे. सही नको असेल तर मुद्रा खोडा. यात उद्योगाचं वाकडं काय होतं ते मला चहाच्या वेळी समजावून सांगा.

जपानवर टिपणं आणली होती, ती राहिली. धावतं सांगतो. मित्सुई, मित्सुबिशी, सुमितोमो, यासुदा, ही चार बडी झाइबात्सु, म्हणजे तिथली उद्योगघराणी. 1945 नंतर अमेरिकी अमलात त्यांच्या वरच्या धारक कंपन्या मोडल्या. खालच्या कंपन्या एकमेकींचे शेअर घेऊन पुन्हा जवळ आल्या, ते केइरेत्सु. कोरियात म्हणतात चेबोल. झाइबात्सु आणि चेबोल चिनी लिपीत त्याच दोन अक्षरांनी लिहितात, एक धनाचं, दुसरं घराण्याचं किंवा टोळीचं. त्यांनी निदान लपवलं नाही. (हशा)

दुसरी चिठ्ठी. संयोजक म्हणतात माईकवाल्याला भालकीची शेवटची गाडी गाठायचीय. प्रश्न बाहेर घेऊ. सीएसाहेब, तुम्ही थांबा.