कोंबडीच्या तळपायाचे गळू
(पनवेल येथील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचे सोडून ही पनवेलची मंडळी कोंबडीच्या पायावर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण घरात जो पैसा खरोखर बाईच्या हाती पडतो, तो अंडी-कोंबड्यांचा. कापसाचे चुकारे अडले की पोराच्या वह्यांना, म्हातारीच्या औषधाला कोंबडीच विकली जाते. आणि लंगड्या कोंबडीला बाजारात कोणी विचारत नाही.

आमचा मुलूख पावसाचा. चार महिने खुराड्याची जमीन वाळत नाही. ओल्या भुशात उभे राहून तळव्याची कातडी मऊ पडते, फाटते. तुमच्याकडे चिखल कमी, पण ज्वारीची धसकटे, पऱ्हाटीचे खुंट आणि बाभळीचे काटे आहेत. वाट वेगळी, रोग तोच. जखमेतून बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आत शिरतो, तळवा सुजतो, मधोमध काळी खपली धरते. कोंबडीचा पू माणसासारखा पातळ नसतो; पनीरसारखा घट्ट गोळा होतो. म्हणून तो पिळून निघत नाही. पिळला तर घाण आणखी आत जाते.

सूज थोडी असेल तर घरी करता येते. कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे धरा, कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वर कापूस ठेवून पट्टी बांधा. कापूस तरी आपल्या घरचा आहे! पट्टी रोज बदला, कोंबडी कोरड्या जागी वेगळी ठेवा. हाताला प्लास्टिकची पिशवी घाला, कारण हा जंतू माणसाच्या जखमेतही घर करतो.

पाय टेकतच नाही, सूज बोटांतून वर सांध्याकडे चढली, खाणे सुटले, तर दाढीच्या पात्याने कापाकापी करू नका. तिथे शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या आहेत. पशुवैद्याकडे न्या. एका कोंबडीसाठी डॉक्टर कशाला, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी चार अंड्यांवर घर चालवून पाहावे. हाड सडले असेल तर मात्र औषधाचा गुण क्वचितच येतो. तेव्हा तिचे हाल थांबवणेच बरे.

उरलेसुरले प्रतिजैविक अंदाजाने देऊ नका. जंतू औषधाला दाद देईनासे होतात. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास जात होते. सरकारला २०१९ मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, ते डॉक्टरला विचारा.

आता तुमच्या ज्वारीबद्दल. पांढऱ्या ज्वारीत अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. पिवळ्या मक्यात त्याचा अंश असतो. ते कमी पडले की तळव्याची कातडी कमजोर होते. नुसत्या ज्वारीवर कोंबडी पाळत असाल तर शेवग्याचा पाला, मेथी, घोळ, काहीतरी हिरवे रोज टाका.

दुसरे, बसायची काठी. गिरिराज, वनराज या जड जाती. त्या उंचावरून कठीण जमिनीवर उडी मारतात आणि तळवा ठेचतो. काठी दीड फुटापेक्षा उंच नको. दोन इंच रुंद, कडा घासलेली असावी. पऱ्हाटीची बारीक काठी चालत नाही.

पायावरचे खवले उचलले, जाड पांढरट झाले, तर ते गळू नव्हे, खरजेचे किडे आहेत. खोबरेल चोपडा, काही आठवडे. रॉकेल लावू नका, कातडी भाजते.

एक गोष्ट मात्र घरी हाताळायची नाही. पायांवर लालजांभळे रक्ताचे डाग, तुरा निळा, आणि कोंबड्या एकामागून एक पटापट मरू लागल्या, तर तो बर्ड फ्लू असू शकतो. देशात तो पहिल्यांदा २००६ मध्ये आपल्याच नवापूरला सापडला. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या शेजारी, उरण तालुक्यातल्या जंगल सत्याग्रहाच्या चिरनेरला आला. अशा वेळी पाय धुवायला, कापायला बसू नका, घाईने विकूही नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने न शिवता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.