पडद्यावरील नकाशा आणि भूगोलाचा वर्ग

भिंतीवर टांगलेला कापडी नकाशा आणि गुरुजींच्या हातांतील छडी, हें भूगोलाच्या तासाचें चित्र महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांच्या परिचयाचें आहे. छडीचें टोंक ज्या नदीवर टेकेल तिचें नांव सर्व वर्गानें एका सुरांत म्हणावें आणि परीक्षेंत तें कोऱ्या नकाशांत भरावें, एवढ्यावर नकाशाचें शिक्षण पुरें होत असे. आज अनेक वर्गांत संगणकाचा पडदा आला आहे आणि साऱ्या पृथ्वीचा नकाशा बोटाच्या इशाऱ्यानें त्यावर फिरूं लागला आहे. या साधनानें भूगोलाचें शिक्षण खरोखर बदललें, कीं केवळ छडीची जागा बोटानें घेतली, हा प्रश्न शिक्षकांनीं आणि पालकांनींही विचार करण्याजोगा आहे.

नकाशा पूर्वी किती कष्टानें सिद्ध होत असे, याची आठवण या ठिकाणीं उपयोगी पडेल. १८०२ सालच्या एप्रिलमध्यें विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथें साखळीनें जमीन मोजण्यास आरंभ केला. सुमारें साडेसात मैलांची ती एक पायारेषा मोजण्यांतच कित्येक आठवडे गेले. पुढें त्रिकोणामागून त्रिकोण मांडीत ही मोजणी उत्तरेकडे सरकत गेली. तें काम चालूं असतांनाच १८२३ सालीं लॅम्बटन विदर्भांतील हिंगणघाट येथें निवर्तला आणि त्याची धुरा जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे आली. याच्या उलट, २००० सालच्या फेब्रुवारींत ‘एंडेव्हर’ या अवकाशयानानें रडारच्या साह्यानें अवघ्या अकरा दिवसांत पृथ्वीवरील सुमारें ८० टक्के भूभागाची उंची टिपून घेतली, आणि ती माहिती आज कोणत्याही शाळेला विनामूल्य मिळते. सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं. परंतु लॅम्बटनला आपला प्रत्येक आंकडा कोठून आला हें ठाऊक होतें. आजच्या विद्यार्थ्यापुढें तयार चित्र येतें, आणि तयार चित्राला प्रश्न विचारण्याची संवय सहसा लागत नाहीं. शिक्षकाचें काम येथूनच सुरू होतें.

पहिला प्रश्न आकाराचा. पडद्यावरील बहुतेक नकाशे मर्केटरनें १५६९ सालीं खलाशांसाठीं काढलेल्या पद्धतीवर आधारलेले आहेत. या पद्धतींत दिशा आणि रस्त्यांचे कोन बिघडत नाहींत, म्हणून ती गल्लीबोळांच्या नकाशाला सोयीची ठरली. पण ध्रुवांकडे जावें तसें सर्व कांहीं फुगत जातें. ६० अक्षांशावर अंतर दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतें. त्यामुळें ग्रीनलंड हिंदुस्थानाच्या कित्येक पट मोठें भासतें. वास्तविक ग्रीनलंडचें क्षेत्रफळ सुमारें २१.७ लाख चौरस किलोमीटर, तर भारताचें ३२.९ लाख! आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारें चौदापट आहे, यावर तर हा नकाशा पाहणाऱ्या मुलाचा विश्वासच बसत नाहीं. शिक्षकानें हें व्याख्यान देऊन सांगूं नये. नागपूर पडद्यावर आणावें, कोपऱ्यांतील प्रमाणपट्टी पाहून ठेवावी आणि चित्र लहानमोठें न करतां तसेंच नॉर्वेंतील ऑस्लोपर्यंत सरकवीत न्यावें. पट्टीच्या तेवढ्याच लांबींत आतां जवळजवळ निम्मेच किलोमीटर मावतात, हें मुलांनीं स्वतः पाहावें. नंतर वर्गांतील पृथ्वीगोल हातीं द्यावा. नकाशा ही कोणीतरी कांहीं हेतूनें केलेली निवड असते, हा धडा त्यांना मग निराळा शिकवावा लागत नाहीं.

दुसरा प्रश्न उंचसखलपणाचा आहे, आणि महाराष्ट्रांत तो जिवाशीं संबंध असलेला आहे. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव मुसळधार पावसांत डोंगर खचून गाडलें गेलें. सुमारें दीडशें माणसें मृत्युमुखीं पडलीं. नेहमींच्या फेरीवर निघालेल्या एस. टी. च्या चालकाला गांव जागेवर दिसेना, तेव्हां ही वार्ता बाहेर पोंचली. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर तसाच प्रसंग ओढवला. समोच्च रेषा हा पाठ्यपुस्तकांतील कंटाळवाणा भाग समजला जातो. पण या दोन तारखा ठाऊक असलेला विद्यार्थी त्या रेषांकडे निराळ्या दृष्टीनें पाहील.

भारतीय सर्वेक्षण खात्यानें २०१७ सालापासून आपले खुल्या मालिकेंतील नकाशे नागरिकांना विनामूल्य उतरवून घेऊं दिले. त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर, आणि लगतच्या दोन समोच्च रेषांत सामान्यतः २० मीटरांचें अंतर असतें. एका सेंटिमीटरांत पांच रेषा मोजल्या, तर पांचशें मीटरांत शंभर मीटरांचा चढ झाला. दहा मोजल्या, तर दोनशें मीटरांचा. हें गणित मुलांनीं आधीं पट्टीपेन्सिलीनें करावें. मगच ‘क्यूजीआयएस’सारख्या विनामूल्य संगणकप्रणालींत उताराचा थर, त्यावर ओढ्यांचा थर आणि त्यावर घरांचा थर चढवावा. तीव्र उताराच्या पायथ्याशीं आणि ओढ्याच्या तोंडाशीं घरें कोठें आहेत, हें पाहून वर्ग आपोआप स्तब्ध होतो.

मात्र येथेंच थांबणें धोक्याचें आहे. अवकाशांतून घेतलेल्या या माहितींत साधारण ३० मीटरांच्या चौकोनाला उंचीचा एकच आंकडा असतो. त्या चौकोनांतील घळ, बांध किंवा घरासाठीं तोडलेली दरड त्यांत उमटत नाहीं. दाट रानांत तर रडारला जमिनीऐवजीं झाडांचे शेंडेच अधिक भेटतात. मातीचा थर किती जाड आहे आणि पाणी कोठें मुरतें, हें पडदा सांगत नाहीं. नवा झरा कोठें फुटला, जमिनीला भेग कोठें पडली, खांब कोणीकडे कलला, हें गांवांतील वडीलधाऱ्या माणसांना विचारावें लागतें. म्हणून पडद्यावरचा धडा शिवारांत पायीं फिरल्याशिवाय पुरा होऊं नये.

शहरांतील शाळेजवळ डोंगर नसला, तरी पाणी आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदीनें आपली विसरलेली वाट शोधून काढली. पवईकडून माहीमच्या खाडीपर्यंत ही नदी कशी जाते आणि शाळेच्या दारांतील पाणी कोणत्या नाल्यानें कोणीकडे वळतें, एवढें जरी मुलांनीं नकाशावर रेखाटलें, तरी वर्षभराच्या पाठांतराहून अधिक भूगोल त्यांना येईल.

शेवटचा टप्पा नकाशा पाहण्याचा नसून नकाशा करण्याचा आहे. २००४ सालीं इंग्लंडांत ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा सर्वांनीं मिळून काढावयाचा नकाशा सुरू झाला. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भूकंप झाला, त्या वेळीं जगभरच्या स्वयंसेवकांनीं उपग्रहचित्रांवरून राजधानीचे रस्ते थोड्याच दिवसांत रेखून दिले, आणि मदतपथकांना त्यांचा उपयोग झाला. असेंच काम आठवीनववीचा वर्गही करूं शकतो. वाडी, पाणवठा, साकव, दवाखाना यांची नोंद प्रत्यक्ष जाऊन करावी आणि नांवें तेथील लोक उच्चारतात तशीं देवनागरींत लिहावीं. ज्या वस्तीचें नांव नकाशांत नाहीं, तिच्याकडे संकटाच्या वेळीं मदत वाट विचारीत विचारीतच पोंचते.

यासाठीं प्रत्येक मुलाला स्वतंत्र यंत्र हवें असें नाहीं. एक संगणक, छापून घेतलेला एक नकाशा, दोरा आणि पट्टी एवढ्यावर चांगला वर्ग चालतो. पालकांनाही यांत वाटा उचलतां येईल. प्रवासांत मोबाइलवरील निळा ठिपका थोडा वेळ झाकून ठेवावा आणि पुढें घाट लागेल कीं नदी, उत्तर कोणत्या हाताला आहे, हें मुलाला नकाशावरून सांगूं द्यावें. त्याचें उत्तर चुकलें तरी चालेल. खिडकीबाहेर पाहून तें त्यालाच दुरुस्त करूं द्यावें.